चल रे बोक्या, दहा पावलं!

पडद्याच्या मधोमध एक नारिंगी बोका उभा असतो. चेहऱ्यावर हसू, पण जागचा हलत नाही. तिसरीतली मुलगी निळ्या रंगाचा एक ठोकळा ओढून शेजारच्या मोकळ्या जागेत ठेवते, त्यावर क्लिक करते आणि बोका दहा पावलं पुढे सरकतो. बस्स, इतकंच! पण त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघा. आजवर पडदा दाखवत होता आणि ती बघत होती. आज तिने हुकूम सोडला आणि पडद्याने तो ऐकला.

हा बोका ‘स्क्रॅच’चा. मुलांना कोडिंगची गोडी लावणारं हे जगभर गाजलेलं ऑनलाइन अंगण. १० कोटींहून जास्त खाती, ८ ते १६ वर्षांचा वयोगट आणि प्रवेश मोफत. कोडिंग म्हटलं की आईबाबांच्या डोळ्यांपुढे मोठ्या पगाराची नोकरी येते. मुलांच्या डोळ्यांपुढे बोका असतो. माझं मत विचाराल तर मुलांचंच बरोबर आहे. का, ते या गमतीजमती वाचून तुम्हीच ठरवा.

नाव दिलं डीजेंनी

अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्क्रॅच घडवलं. मे २००७मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. हे नाव आलं हिप-हॉपच्या दुनियेतून. तिथले डीजे फिरती रेकॉर्ड हाताने मागेपुढे करतात, तिच्यातून ‘खर्र-खर्र’ आवाज काढतात आणि जुन्या गाण्यांतून नवंच काही उभं करतात. या करामतीला स्क्रॅचिंग म्हणतात. मुलांनीही असंच करावं, ही कल्पना. चित्र इथलं, आवाज तिथला, हालचाल आपली आणि सगळं कालवून तयार झालेला खेळही आपला. प्रत्येकाच्या शिदोरीतलं थोडं थोडं घेऊन केलेला गोपाळकालाच!

आजन्म बालवाडी

रेझ्निक यांच्या गटाचं नाव आहे ‘लाइफलाँग किंडरगार्टन’, म्हणजे आजन्म बालवाडी. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७मध्ये पहिली बालवाडी काढली, तेव्हा मुलांच्या हाती लाकडी ठोकळे, चेंडू आणि काड्या दिल्या. रचता रचता मूल आकार शिकतं, संख्या शिकतं, तोल सांभाळायला शिकतं. रेझ्निक यांचं म्हणणं असं की बालवाडी संपताच शाळा मुलांच्या हातातलं हे रचणं काढून घेते. खरं तर पुढची शाळाच बालवाडीसारखी व्हायला हवी, आणि उरलेलं आयुष्यसुद्धा.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर खडे, शिंपले, बिया आणि पानं यांनाच शिक्षणाचं साहित्य केलं होतं.

बोक्याचे आजोबा कासव होते

साल १९६७. सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झाइग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. ‘लोगोस’ म्हणजे ग्रीकमध्ये शब्द. थोड्याच काळात लोगोच्या सोबतीला एक कासव आलं. सुरुवातीला ते खरंखुरं यंत्र होतं. जमिनीवर सरपटायचं आणि बरोबरच्या पेनाने रेघ ओढायचं. ‘पुढे १००’ म्हटलं की पुढे, ‘उजवीकडे ९०’ म्हटलं की उजवीकडे. नंतर ते पडद्यावर चढलं.

कासवच का? ब्रिस्टलमधले मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस उजेडाच्या दिशेने सरकणारी दोन यंत्रं बनवली होती. एकाचं नाव एल्मर, दुसऱ्याचं एल्सी. त्यांना ते कासवं म्हणत. तिथून हे नाव चालत आलं.

पॅपर्ट यांना लहानपणी दातेरी चाकांचं विलक्षण वेड होतं. पुढे समीकरणं सोडवतानाही त्यांच्या मनात चाकंच फिरत. ज्याच्यावर जीव जडतो त्याचं बोट धरून अवघड गोष्टही कळते, हे त्यांना स्वतःवरून उमगलं. सगळ्याच मुलांचा जीव चाकांवर जडत नाही, म्हणून त्यांनी कासव दिलं.

साठ अंशांचा सापळा

कासवाला चौकोन सोपा. १०० पावलं पुढे, ९० अंश वळ, असं चार वेळा. झाला चौकोन! आता त्रिकोण काढू या. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. म्हणून मूल छातीठोकपणे सांगतं: १०० पावलं पुढे, ६० अंश वळ, असं तीन वेळा.

आणि पडद्यावर उमटतो अर्धा षटकोन!

पुस्तक चुकलं? नाही. संगणक बिघडला? तोही नाही. पॅपर्ट यांचा अशा वेळचा सल्ला मला फार आवडतो: उठा आणि स्वतः कासव व्हा. फरशीवर खडूने त्रिकोण काढा आणि त्याच्या बाजूंवरून चाला. कोपऱ्याशी पोचलात की पायांना कळतं. नाकासमोरची दिशा सोडून पुढच्या बाजूला लागायचं तर बरंच जास्त वळावं लागतं, चांगलं १२० अंश. पुस्तकातले ६० अंश त्रिकोणाच्या पोटातले असतात, चालणाऱ्याचं वळण बाहेरचं असतं. ६० खोडून १२० लिहिलं की त्रिकोण जुळला.

आता बेरीज करून बघा. त्रिकोणात तीनदा १२०, चौकोनात चारदा ९०, षटकोनात सहादा ६०. दर वेळी उत्तर ३६०! बंद आकृतीच्या कडेने फेरी मारून जो मूळ जागी, मूळच्याच दिशेला तोंड करून परत येतो, त्याची एक पूर्ण गिरकी झालेली असते. देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या आजीने हे रोज सिद्ध केलेलं आहे. हा नियम फळ्यावरून उतरवून घेता आला असता, पण पायांनी शोधलेला नियम जन्मभर विसरला जात नाही.

चोवीसची जादू

स्क्रॅचच्या ठोकळ्यांत काही आकडे आधीच भरलेले असतात. चालण्याच्या ठोकळ्यात १० आणि वळण्याच्या ठोकळ्यात १५. आता १५ गुणिले २४ किती? ३६०! मग ‘१० पावलं चाल, १५ अंश वळ’ ही जोडी पुनरावृत्तीच्या ठोकळ्यात घाला, २४ आकडा भरा आणि बोक्याला पेन द्या. निघते २४ बाजूंची आकृती, पण डोळ्यांना दिसतं चक्क वर्तुळ. तेच वर्तुळ दर वेळी थोडं तिरपं करून पुन्हा काढत गेलं की पडद्यावर फूल उमलतं.

रोज सकाळी दारात रांगोळी घालणाऱ्या हातांना यात काही नवल वाटणार नाही. एक पाकळी, मग तीच पाकळी फिरवून दुसरी, मग तिसरी. कोडिंगवाले याला ‘लूप’ म्हणतात. मुलाला लूप समजावायचा असेल तर आधी रांगोळीचा डबा उघडा.

चुकीचा ठोकळा बसतच नाही

मोठ्यांच्या अनेक संगणकभाषांत एक अर्धविराम विसरला तरी सगळा प्रोग्राम अडून बसतो. सात-आठ वर्षांच्या मुलाचा उत्साह तिथेच मावळेल. स्क्रॅचमध्ये टायपिंग जवळजवळ नाहीच. प्रत्येक आदेश म्हणजे एक ठोकळा, आणि त्याचा आकारच सांगतो की तो कुठे बसेल. सुरुवातीच्या ठोकळ्याला वर टोपीसारखा फुगवटा, म्हणून त्याच्या डोक्यावर काही बसत नाही. पुनरावृत्तीच्या ठोकळ्याला मोठा जबडा, त्याच्या पोटात बाकीचे ठोकळे जातात. संख्यांचे ठोकळे गोलसर, ‘खरं की खोटं’ सांगणारे षटकोनी. षटकोनी खाचेत संख्येचा गोल ठोकळा शिरतच नाही. रंगही वाटून दिलेले: चालणं निळं, दिसणं जांभळं, गणित हिरवं.

रेझ्निक यांच्या गटाची लेगो कंपनीशी जुनी मैत्री आहे. १९९८मध्ये आलेल्या लेगोच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ रोबो-संचामागेही मीडिया लॅबचं संशोधन होतं. एकमेकांत खटकन बसणाऱ्या ठोकळ्यांचं शहाणपण पडद्यावर कुठून आलं, ते यावरून कळेल. व्याकरणाच्या चुकीला इथे वावच ठेवलेला नाही. विचारांतली चूक मात्र खुशाल करा, कारण शिकण्यासारखं तिथेच असतं.

‘बग’ खरोखरच किडा होता

९ सप्टेंबर १९४७. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ संगणकात बिघाड झाला. शोधाशोध केल्यावर आतल्या एका रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि शेजारी शेरा लिहिला, की खराखुरा ‘बग’ सापडण्याची ही पहिलीच खेप. त्या शेऱ्यात गंमत आहे, कारण यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची रीत त्याआधीच होती. थॉमस एडिसन यांनीही १८७८च्या एका पत्रात तो शब्द वापरला होता. पतंग चिकटवलेलं ते पान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवलं आहे. ही गोष्ट जगाला रंगवून सांगितली संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी.

शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. ‘तुझं चुकलं’ म्हटलं की मूल मान खाली घालतं. ‘तुझ्या कोडमध्ये एक किडा शिरलाय’ म्हटलं की तेच मूल त्याला पकडायला निघतं.

एक तास, एक रेघ

ग्रेस हॉपर यांचा वाढदिवस ९ डिसेंबरला. त्याच्या आसपास अमेरिकेत संगणकशास्त्र शिक्षणाचा सप्ताह साजरा होतो. हादी आणि अली पार्तोव्ही या जुळ्या भावांच्या ‘कोड डॉट ऑर्ग’ने २०१३च्या सप्ताहात ‘अवर ऑफ कोड’ सुरू केला. मागणं एवढंच, की आयुष्यातला एक तास कोडिंगला द्या. अँग्री बर्ड्समधल्या पक्ष्याला चक्रव्यूहातून डुकरापर्यंत पोचवता पोचवता तो तास कधी संपतो ते कळत नाही.

डिसेंबर २०१४मध्ये बराक ओबामा यांनी व्हाइट हाउसमध्ये मुलांशेजारी बसून कोडची एक ओळ लिहिली आणि प्रोग्राम लिहिणारे ते पहिले अमेरिकी अध्यक्ष ठरले. ओळ कोणती? ‘पुढे १००’. म्हणजे पॅपर्ट यांच्या कासवाला मिळायचा तोच हुकूम!

संगणक कमी आणि मुलं जास्त, अशा वर्गांसाठी कोड डॉट ऑर्गकडे एक छान रीत आहे. दोघांत एक संगणक: एक चालक, दुसरा वाटाड्या. चालकाच्या हाती माऊस, वाटाड्याने फक्त बोलायचं. ठरल्या वेळी अदलाबदल. जे हाताने करता येत नाही ते शब्दांत नेमकं सांगावं लागतं, त्यामुळे वाटाड्याचा विचार आपोआप धारदार होतो.

वाचता येत नाही? तरी या!

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४मध्ये ‘स्क्रॅच ज्युनिअर’ आलं. टफ्ट्स विद्यापीठातल्या मरीना उमाश्ची बर्स आणि रेझ्निक यांच्या गटांनी ते मिळून घडवलं. इथल्या ठोकळ्यांवर शब्द नाहीत, नुसती चित्रं. आणि ठोकळे डावीकडून उजवीकडे ओळीने लागतात, एखाद्या वाक्यासारखे. वाचायला शिकण्याआधी मूल इथे लिहू लागतं!

जपानी मुलांसाठी तर स्क्रॅचमध्ये जपानीच्या दोन आवृत्त्या आहेत. एक कांजी लिपी येणाऱ्यांसाठी आणि दुसरी फक्त हिरागानात, म्हणजे ज्या चिमुरड्यांची अजून अवघड चिन्हांशी ओळख झालेली नाही त्यांच्यासाठी.

हार्वर्डमध्येही हाच बोका

हार्वर्ड विद्यापीठाचा ‘सीएस ५०’ हा संगणकशास्त्राचा जगप्रसिद्ध अभ्यासक्रम. त्याची सुरुवात कशाने होते? स्क्रॅचने! ज्या ठोकळ्यांशी तिसरीतली मुलगी खेळते, तेच ठोकळे जोडून महाविद्यालयीन विद्यार्थी पहिला प्रोग्राम करतात. अट आणि पुनरावृत्ती या कल्पना वयाबरोबर बदलत नाहीत.

बीजगणिताला ‘थँक यू’

रेझ्निक एक किस्सा सांगतात. एक मुलगा स्क्रॅचमध्ये माशांचा खेळ बनवत होता. मोठा मासा छोट्या माशांना गिळतो. किती गिळले त्याचे गुण मोजायचे कसे, ते त्याला सुचेना. रेझ्निक यांनी त्याला ‘चल’ म्हणजे व्हेरिएबल कसं करायचं ते दाखवलं. मासा गिळला की चल एकाने वाढवायचा. मुलाचे डोळे लकाकले, त्याने हात पुढे केला आणि पुन्हा पुन्हा आभार मानले. रेझ्निक यांच्या मनात आलं, बीजगणिताच्या शिक्षकाला चल शिकवल्याबद्दल असं कोणी कधी धन्यवाद देत असेल का? त्या मुलाला गुण मोजण्याची गरज आधी पडली आणि उत्तर नंतर मिळालं. शिकवण्याचं सगळं मर्म या क्रमात आहे.

आणखी एक किस्सा मातृदिनाचा. आदल्या दिवशी आईसाठी काहीतरी करावं म्हणून रेझ्निक स्क्रॅचवर गेले, तर तिथे मुलांनी आपापल्या आयांसाठी केलेल्या हलत्या-बोलत्या शुभेच्छापत्रांची रांगच लागली होती. परीक्षा नव्हती, गृहपाठ नव्हता. आई होती.

नक्कल करा, पण नाव घ्या

स्क्रॅचवर टाकलेला प्रत्येक प्रकल्प आतून उघडून बघता येतो, बदलता येतो आणि नव्या रूपात मांडता येतो. याला म्हणतात रीमिक्स. सुरुवातीला काही मुलं चिडली, ‘माझं चोरलं’ म्हणाली. मग मूळ कर्त्याचं नाव आपोआप झळकेल अशी सोय झाली. पण २०११च्या एका अभ्यासात मजेदार गोष्ट दिसली. यंत्राने आपोआप छापलेल्या नावापेक्षा दुसऱ्या मुलाने स्वतः लिहिलेला आभाराचा शब्द मुलांना जास्त मोलाचा वाटत होता. हातांची पावती हातांनीच द्यायची असते, हे मुलांनी बरोबर ओळखलं.

सह्याद्रीच्या पायथ्याशी कासव

पॅपर्ट यांच्या विचारांतून स्फुरलेली एक मोठी मोहीम म्हणजे ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’. तिचा भारतातला पहिला प्रयोग कुठे झाला? रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या छोट्या वस्तीवरल्या एकखोली मराठी शाळेत, २००७ साली! तिथल्या मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचा ‘एक्सओ’ लॅपटॉप आला. त्याचा पडदा भर उन्हातही दिसायचा, आणि आत इतर खेळांबरोबर ठोकळे जोडून कासव चालवण्याचा खेळही होता. अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये जन्मलेलं कासव सह्याद्रीच्या पायथ्याला येऊन पोचलं.

मुंबईच्या आयआयटीतही प्राध्यापक श्रीधर अय्यर यांच्या पुढाकारातून ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही शालेय पुस्तकमाला तयार झाली. तिच्यातही स्क्रॅच आहे. इंटरनेट लहरी असेल तरी अडत नाही. स्क्रॅच एकदा उतरवून घेतलं की संगणकावर ऑफलाइन चालतं.

शाळेत कोडिंग कुठे, केव्हा?

• एस्टोनिया: शाळांत कोडिंग नेणारा ‘प्रोगेटायगर’ कार्यक्रम, २०१२.
• इंग्लंड: पाच वर्षांच्या मुलांपासून संगणन विषय, सप्टेंबर २०१४.
• जपान: प्राथमिक शाळेत प्रोग्रामिंग सक्तीचं, एप्रिल २०२०.
• भारत: राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२०. कोडिंगशी निगडित उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यात.

वीज गेली? तास चालू!

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीएस अनप्लग्ड’ नावाने संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ रचले. पत्ते, दोऱ्या, खडू आणि धावणारी मुलं एवढंच साहित्य. लिथुएनियात २००४मध्ये ‘बेब्रास’ ही तर्ककोड्यांची स्पर्धा सुरू झाली. बेब्रास म्हणजे तिथल्या भाषेत बीव्हर, नदीवर बांध घालणारा उद्योगी प्राणी. भारतात ती ‘सीएस पाठशाला’ हा उपक्रम भरवतो आणि कोडी मराठीतही असतात.

घरी एक खेळ आजच करा. तुम्ही रोबो, मूल प्रोग्रामर, काम लिंबू सरबताचं. जे सांगितलं जाईल तेच आणि तेवढंच करायचं. ‘साखर घाल’ म्हटलं की डबा उपडा करायला घ्या. ‘थांब, थांब! दोन चमचे!’ ‘लिंबू पिळ’ म्हटलं की न कापलेलं लिंबू पिळत बसा. हसून हसून मुरकुंडी वळेल आणि पाचव्या खेपेला मूल असं नेमकं सांगेल की सरबत पिण्यासारखं होईल. नेमकं सांगायचं, करून बघायचं, बिनसलं तर कुठे बिनसलं ते शोधायचं आणि पुन्हा सांगायचं. कोडिंग याहून वेगळं नाही.

आता तुमची पाळी

स्क्रॅच उघडा, मुलाला जवळ घ्या आणि फक्त तीन ठोकळे जोडू द्या: हिरवा झेंडा, दहा पावलं, म्याव. पुढचं त्याचं त्याला सुचेल. बोका उलटा होईल, भिंतीला थडकेल, नको तिथे ओरडेल. तुमचा हात शिवशिवेल, ‘दे इकडे, मी करून देतो’ हे शब्द ओठांवर येतील. ते गिळून टाका. थोडा वेळ शांततेत जाईल आणि मग ऐकू येईल, ‘कळलं! कुठे चुकलं ते कळलं!’ स्वतःच्या चुकीचा इतका आनंद मूल आणखी कुठे व्यक्त करतं? त्या एका आरोळीसाठी हा सगळा खटाटोप आहे.

म्हणून एवढंच लक्षात ठेवा: बोका पडद्यावर आणि माऊस मुलाच्याच हातात!